बिनभिकेचा अर्ज

इंग्रजी भाषेतलं एक क्रियापद मी आयुष्यात जितक्या वेळा लिहिलं असेल, तितक्या वेळा रामाचं नावसुद्धा घेतलं नसेल. आमच्या हिला विचाराल तर ती म्हणेल, त्यात काय मोठंसं, रामाचं नाव तुम्ही घेता कधी? पण तो विषय वेगळा. ते क्रियापद म्हणजे 'बेग'. 'सर, आय बेग टु स्टेट' इथून माझा प्रत्येक अर्ज सुरू व्हायचा आणि 'आय बेग टु रिमेन' इथे संपायचा. म्हणजे आधी चार शब्द कळवण्याची भीक मागायची, शेवटी आज्ञाधारक सेवक म्हणून राहण्याची भीक मागायची, आणि मधल्या पाच ओळींत काय ते रडगाणं गायचं. इंग्रज गेला त्याला दहा वर्षं होत आली होती, पण जाताना हे क्रियापद तो आमच्याकडे विसरून गेला आणि पुन्हा न्यायला काही आला नाही.

मी श्रीपती बेहेरे, रत्नागिरीच्या कोर्टात नकला उतरवणारा कारकून. दिवसभर दुसऱ्यांचं इंग्रजी उतरवायचं आणि संध्याकाळी ओटीवर बसून आळीतल्या लोकांचे अर्ज लिहायचे, हा माझा बावीस वर्षांचा क्रम. अर्ज फुकट. नळाचा अर्ज, बदलीचा अर्ज, आंब्याच्या कलमांवर येणाऱ्या वानरांसाठी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज. 'बेहेऱ्यांचा अर्ज परत येत नाही' असं लोक म्हणत. माझ्याबद्दल लोक एवढंच एक चांगलं म्हणत असल्यामुळे मी ते फार जपून होतो.

तर सत्तावन्न सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आमची आळी संपून बंदराची उतरण लागते तिथं आमचं घर. परसात कुंपण म्हणून चिऱ्यांचा गडगा, आणि गडग्यापलीकडे गुलाम रसूल सारंगांचं घर. बोटीवर खलाशांचा जो मुकादम असतो त्याला सारंग म्हणतात. गुलाम रसूल चाळीस वर्षं बोटीवर काढून घरी आलेले, अंगानं सडपातळ, दाढी पांढरी शुभ्र, आणि बोलणं असं की समोरच्यानं हातातलं काम टाकून उभं राहावं. त्यांची धाकटी अजरा आदल्या वर्षी मॅट्रिक झाली होती आणि वर्षभर घरी बसून आईबरोबर पापड लाटत होती. तिला मास्तरीण व्हायचं होतं. बायकांच्या ट्रेनिंगच्या जागा निघाल्या, अर्जाची मुदत शनिवार पंचवीस मे, दुपारी बारा. मुलगी एकवीसची नसेल तर सही बापाची. तिची आई मासूमाबी स्वच्छ सांगून बसली होती की यंदा जमलं तर जमलं, नाहीतर मुंबईहून स्थळ आलंय त्यांना होकार कळवायचा. स्थळ सांताक्रूझचं, मुलाचं घड्याळाचं दुकान. अजराला घड्याळात रस नव्हता.

सोमवारी संध्याकाळी मी अर्ज लिहून तयार ठेवला. अक्षर असं की कोर्टातल्या न्यायाधीशांनी चौकटीत लावावं. गुलाम रसूल गडगा ओलांडून आले, पाठोपाठ अजरा शाईची दौत घेऊन. मी टाक पुढे केला. त्यांनी टाक घेतला नाही.

"आधी वाचा," म्हणाले. "शब्द शब्द वाचा नि अर्थ सांगा. सही केली की बोट सुटली, मग उतरता येत नाय."

मला हे आवडलं नाही. बावीस वर्षांत माझा अर्ज कुणी वाचून मागितला नव्हता. तरी वाचायला लागलो. 'सर' म्हणजे साहेब, इथवर त्यांची तक्रार नव्हती. 'आय बेग टु स्टेट' आलं आणि त्यांनी हात वर केला.

"ते बेग काय हाय?"

"विनंती हो. मी विनंती करतो की."

"विनंतीला रिक्वेस्ट म्हणतात. आमचा कप्तान म्हणायचा. बेग म्हणजे भीक."

"शब्दशः तसं असेल, पण ती पद्धत असते, गुलामभाई. कलेक्टरला लिहितानासुद्धा तसंच लिहितात."

"लिवत असतील. मी कलेक्टरला आडवत नाय. माझी पोर पहिल्या वर्गात पास झाली हाय. ती जागा मागते हाय, भीक नाय मागत. मी ह्याच्यावर सही करनार नाय."

मी समजावलं, अजरानं समजावलं, हिनं आतून येऊन कोकमाचं सरबत दिलं. सरबत त्यांनी घेतलं, सही केली नाही. शेवटी ही म्हणाली, "अहो, मग तो मेला शब्द काढून दुसरा घाला की. भाषेत काय दुष्काळ पडलाय?" बायकांना सगळंच सोपं वाटतं. पण माझ्याजवळ दुसरा उपाय नव्हता, म्हणून 'बेग' काढून 'रिक्वेस्ट' घातलं, पुन्हा सगळा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिला, आणि त्यांनी सही केली. सही करायला त्यांना पाच मिनिटं लागत. प्रत्येक अक्षर नांगर टाकल्यासारखं कागदावर बसायचं.

मंगळवारी कोर्टाच्या मधल्या सुट्टीत मी अर्ज घेऊन कचेरीत गेलो. कचेरीचं नाव सांगत नाही, तिथली बरीच मंडळी अजून माझ्या ओळखीची आहेत आणि मला म्हातारपण इथेच काढायचं आहे. अर्ज घेणारे हेडक्लार्क होते नेवरेकर. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांच्या हातात तांबडी पेन्सिल होती आणि अशी पेन्सिल हातात आली की भल्याभल्यांचं भान सुटतं. त्यांनी अर्ज वाचायला घेतला आणि पहिल्याच ओळीला पेन्सिल थांबली.

"हे काय, श्रीपतराव? आय रिक्वेस्ट?"

"विनंती करतो."

"कुणाला?"

"साहेबांना."

"साहेबांना विनंती करणारा हा कोण? विनंती बरोबरीच्याला करतात. मी तुम्हाला करीन, तुम्ही मला करा. वर लिहिताना बेग लागतं." त्यांनी 'रिक्वेस्ट'भोवती तांबडं वर्तुळ काढलं आणि समासात 'नमुन्यात नाही' असा शेरा मारला. "तुमच्यासारख्या जाणत्या माणसानं हे करावं? बेग नसेल तर तो अर्ज नव्हे, ती चिठ्ठी झाली. उद्या लोक लिहितील, साहेब, मला पाहिजे."

बेहेऱ्यांचा अर्ज परत आला. मी तो घडी करून खिशात घातला आणि कोर्टात गेलो, पण त्या दुपारी मी एका दिवाणी दाव्याच्या नकलेत वादीच्या जागी प्रतिवादी लिहून ठेवला. संध्याकाळपर्यंत आळीत बातमी पसरली होती. कशी पसरली ते विचारू नका, रत्नागिरीत तोफ उडाली तर एखाद्याला ऐकू येणार नाही, पण परत आलेल्या अर्जाचा आवाज सगळ्यांना येतो. समोरच्या गोदूबाई वाटीभर साखर मागायला आल्या आणि साखर न घेता अर्धा तास बसल्या. त्यांचं म्हणणं, नारळ ठेवा गणपतीपुळ्याला. मी म्हटलं, गणपतीचा इंग्रजीशी काय संबंध? त्या म्हणाल्या, विद्येची देवता आहे, सगळ्या भाषा येतात.

रात्रभर मी पर्याय शोधत तळमळलो आणि बुधवारी सकाळी तिसरा मसुदा घेऊन गडगा ओलांडला. यात 'प्रे' हे क्रियापद होतं. कोर्टातले सगळे दावे शेवटी 'प्रे' करतात, म्हणजे प्रार्थना करतात. भारदस्त शब्द, नेवरेकरही चूप बसले असते. गुलाम रसूलांनी अर्थ विचारला, मी सांगितला. त्यांनी शांतपणे डोक्यावरची टोपी नीट केली.

"श्रीपतराव, प्रार्थना मी दिवसातून पाच वेळा करतो. ती ज्याला करतो त्याच्या कचेरीत हेडक्लार्क नाय."

मी मसुदा उचलला. परत येऊन चौथा मसुदा केला, 'आय हॅव द ऑनर टु स्टेट', मला असं नमूद करण्याचा मान आहे. हा त्यांना फार आवडला. दोनदा वाचून घेतला, मासूमाबींना बोलावून त्यांनाही ऐकवला, आणि सहीला या वेळी सात मिनिटं लावली. मी उड्या मारत कचेरीत गेलो.

नेवरेकर म्हणाले, "हे गृहस्थ सरकारी नोकरीत आहेत?"

"नाहीत."

"मग यांना मान कुठला? ऑनर फक्त नोकरीतल्या माणसानं लिहायचा. बाहेरच्या माणसाला मान नसतो, श्रीपतराव, हे तुम्हाला मी सांगायचं?" आणि पुन्हा तांबडं वर्तुळ.

मी तावातावानं म्हटलं, असा नियम दाखवा. ते म्हणाले, तुम्ही 'बेग'शिवाय स्वीकारलेला एक अर्ज दाखवा. मागच्या तीस वर्षांच्या फायली आहेत, हव्या तर चाळा. मी दोन फायली चाळल्यासुद्धा. त्या फायलींत माझेच एकोणीस अर्ज निघाले आणि एकोणीसही जण सुवाच्य अक्षरात भीक मागत होते. मी फायली मिटल्या.

गुरुवारी माझं जेवणावरचं चित्त उडालं. ओटीवरून परसात, परसातून ओटीवर, अशा माझ्या फेऱ्या चालल्या होत्या. ही म्हणाली, "एकदा बसा तरी. सारवलेलं सगळं उखडलंत." तेवढ्यात सखारामपंत वकील आले. वकिली फारशी चालत नसल्यामुळे त्यांना सल्ला द्यायला भरपूर वेळ असे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तपकिरीची चिमूट ओढून म्हणाले, "सोपं आहे. त्यांना सांग, हा शब्द मुळात तुर्की. बेग म्हणजे सरदार. त्यांच्यात नसतात का मिर्झा बेग, अमुक बेग? आय बेग म्हणजे मी सरदार असं नमूद करतो. म्हातारा खूश होऊन सही ठोकेल."

"पण हे खोटं आहे."

"खोटं कसलं? युक्तिवाद आहे."

मला लाज वाटायला हवी होती. पण शनिवार दोन दिवसांवर आला होता आणि खरं सांगतो, तोवर मला अजरापेक्षा माझ्या नावाची काळजी जास्त लागली होती. मी गेलो आणि गुलाम रसूलांना तुर्की सरदाराची कथा सांगितली. इस्तंबूलसुद्धा घातलं मध्ये. त्यांनी दाढीवरून हात फिरवत सगळं ऐकलं, एका शब्दानं अडवलं नाही.

"अजरा," त्यांनी हाक मारली, "तुझी शाळेची डिक्शनरी आन गो."

अजरा डिक्शनरी घेऊन आली, पान काढलं, वाचलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "भीक मागणे, याचना करणे. सरदार नाही दिलेला, काका."

गुलाम रसूलांनी डिक्शनरी तिच्या हातातून घेऊन मिटली. मग अजराच बोलली. इतके दिवस मान खाली घालून दौत धरणारी मुलगी, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला. "अब्बा, तुम्ही आणि काका दोघं मिळून त्या एका शब्दाला धरून बसलात. शनिवार तुमचा नाही, माझा आहे. बारा वाजून गेले की मला सांताक्रूझला घड्याळं पुसायला जायचंय." आणि ती आत निघून गेली. आम्ही दोघं म्हातारे एकमेकांकडे न बघता बसून राहिलो.

त्या रात्री मी ठरवलं की आता सोक्षमोक्ष लावायचा. या क्रियापदाचं कूळ शोधून काढायचं. कुठंतरी त्याच्या मुळाशी चांगलं घराणं निघेल, शब्दांचं माणसांसारखंच असतं, आज दारोदार हिंडणाऱ्याचा आजा एखादे वेळी इनामदार असतो. खरं कूळ सांगितलं तर म्हाताऱ्याला पटेल. वाचनालयात जाडा इंग्रजी कोश होता, त्यात शब्दांची जन्मकथा देतात. शुक्रवारची रजा घ्यायची ठरली. रजेचा अर्ज लिहायला बसलो. 'सर, आय', एवढं लिहिलं आणि पुढचा शब्द कागदावर उतरायच्या आधी हात थांबला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच थांबला. बराच वेळ टाकाच्या टोकाकडे बघत बसलो, शाईचा थेंब पडला, मग दुसरा कागद घेतला आणि मुकाट्यानं तो शब्द लिहिला. रजा मिळाली.

शुक्रवारी सकाळी नऊला वाचनालयात हजर. कोश कुलुपाच्या कपाटात, किल्ली ग्रंथपालाकडे, ग्रंथपाल गणपतीपुळ्याला गेलेले. काच होती, काचेतून कोश दिसत होता, त्याचा 'ए टु सी' हा भाग माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. मी तिथं दुपारी चारपर्यंत थांबलो. वर्तमानपत्रं वाचली, मग त्यातल्या जाहिराती वाचल्या, मग भिंतीवरचे वाचकांसाठीचे नियम वाचले. नियम सहामध्ये 'वाचकांनी येरझाऱ्या घालू नयेत' असं होतं आणि शिपाई तो मला बोटानं दाखवत होता. चारला ग्रंथपाल प्रसादाचे मोदक घेऊन आले. त्यांनी मला मोदक दिला आणि मग कोश दिला.

मी पान काढलं. अर्थ: दानधर्म मागणे, हात पसरणे. वापर: तोच, सहाशे-सातशे वर्षांचा, दाखल्यांसकट. उत्पत्ती: नक्की सांगता येत नाही, परंतु युरोपात पूर्वी भिक्षा मागत हिंडणाऱ्या बैराग्यांचा एक पंथ होता, त्याच्या नावावरून आला असावा. इनामदार नाही, सरदार नाही. आजा भिकारी, पणजा भिकारी, आणि त्याच्या वरचं तर कुणालाच ठाऊक नाही.

तरी मी हार मानणारा नव्हतो. बैरागी म्हणजे साधूच की. दिवेलागणीला गडगा ओलांडून गेलो. गुलाम रसूल अंगणात जाळं विणत बसले होते, कुणा नातेवाइकाचं. मी कोशातलं सगळं खरंखुरं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "म्हणजे बघा, साधू होते, फकीर होते. फकिराला तुम्ही कमी लेखत नाही ना?"

त्यांनी सुई बाजूला ठेवली.

"श्रीपतराव, तुमी मला अर्थ सांगितलाव. कुठनं आला तेही सांगितलाव. आता कसा वापरतात ते मी सांगतो." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मी वीस वर्षांचा होतो. बोटीवर ताप भरला, विलायतेत एका बंदरात मला हास्पिटलात उतरवलान नि बोट गेली. बरा झालो, बाहेर आलो, तर खिशात काय नाय नि बोलायला भाषा नाय. पाववाल्याच्या दुकानाबाहेर तीन दिवस उभा होतो. हात असा धरायचा, फार पुढं नाय, नायतर लोक लांबून जातात. डोळे खाली. तिसऱ्या दिवशी एक गोरी बाई थांबली. पाव दिलान तिनं. वर म्हणाली, यंग मॅन, डोन्ट बेग. इंग्रजीतला मी शिकलेला पयला शब्द तो. मासूमालाही ठाऊक नाय हे. पोर शिकली, मास्तरीण व्हायची तर तिच्या पयल्या कागदावर बापानं तो शब्द घालायचा?"

बावीस वर्षं तो शब्द मी लिहीत होतो आणि त्याचा वापर मला आज कळत होता. मला स्वतःची लाज वाटली, चांगली सणसणीत लाज. अर्जाची काळजी संपली आणि मुलीची सुरू झाली.

"उद्या सकाळी आठला मी येतो," एवढंच म्हणालो.

शनिवारी मी जो अर्ज नेला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत आखूड अर्ज होता. साहेब, माझी मुलगी अजरा मॅट्रिकला पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली आहे. तिला ट्रेनिंगसाठी प्रवेश द्यावा. खाली सही. गुलाम रसूलांनी ऐकला, मान डोलावली आणि काही न विचारता सही केली. अजरा म्हणाली, "काका, हा घेतील?" मी म्हटलं, "का नाही घेणार?" आणि तिच्याकडे न बघता टोपी घालून निघालो.

साडेअकराला नेवरेकरांच्या टेबलासमोर उभा राहिलो. त्यांनी वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं.

"बाकीचा कुठाय?"

"एवढाच आहे."

"श्रीपतराव, हा अर्ज नव्हे, हुकूम आहे. द्यावा म्हणे." अर्ज त्यांनी टेबलावरून माझ्याकडे सरकवला. मी परत त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी पुन्हा माझ्याकडे. मी नियम विचारला, राज्यघटना काढली, लोकशाही काढली, कोशातल्या बैराग्यांचा पंथही काढला. नेवरेकर म्हणाले, तुम्ही थकलेले दिसता. शिपायानं पाणी आणून दिलं. बाकीचे कारकून टाक ठेवून बघायला लागले, अर्ज द्यायला आलेल्या चार बायका आणि त्यांचे चार बाप माझ्या मागे उभे. मी ओरडलो, "अडवणूक आहे ही!" ते शांतपणे म्हणाले, "अडवलंय कुणी? एक शब्द घाला, आत्ता शिक्का मारतो. टाक देऊ?"

टाक त्यांनी खरोखर पुढे केला. भिंतीवरच्या घड्याळात बाराला सहा मिनिटं कमी होती. घालायचा का? सही झालेली होती, जागा होती, शब्द तीन अक्षरांचा. गुलाम रसूलांना कधी कळलंही नसतं. मी टाक हातात घेतलासुद्धा. आणि मग मला ते पाववाल्याचं दुकान दिसायला लागलं, कधी न पाहिलेलं, आणि मी टाक खाली ठेवला.

बाराला चार मिनिटं कमी. मी डोक्यावरची टोपी काढली. बावीस वर्षांत कुठल्याच कचेरीत मी टोपी काढली नव्हती. दोन्ही हात जोडले, टोपी हातातच राहिली.

"नेवरेकर," मी म्हटलं, "कागदावर तो शब्द नको. तोंडानं म्हणतो. मी भीक मागतो तुमच्यापाशी. पदर नाही माझ्याकडे, टोपी पसरतो. त्या मुलीचं आयुष्य आहे. हा अर्ज घ्या."

डोळे मी खालीच ठेवले होते. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, शिक्का शाईवर दाबल्याचा आवाज आला, आणि अर्जावर शिक्का पडला.

"हं," ते समाधानानं म्हणाले, "आता कसं बोललात. अहो, कागदावर नसलं तरी एक वेळ चालतं. भावना पाहिजे." आणि वर, "बसा, चहा सांगतो."

चहा मी घेतला नाही. एवढा तरी मान मी राखला.

उतरणीवरून घरी येताना गुलाम रसूल वाटेतच उभे होते, बरोबर अजरा. ते दुपारच्या उन्हात किती वेळ उभे होते कोण जाणे.

"घेतलान?" त्यांनी विचारलं.

"घेतला. शिक्का मारला."

"तो शब्द नसताना?"

"नसताना."

त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा तो आधी कधी पाहिला नव्हता. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "बघा श्रीपतराव. तुमी उगाच घाबरत होतात. मानूस ताठ मानेनं उभा राहिला नि सरळ मागितलान की देतात."

"देतात," मी म्हटलं.

अजराची नजर माझ्या हाताकडे होती. टोपी मी अजून मुठीतच धरली होती आणि तिचा पार बोळा झाला होता. तिनं ती हलकेच माझ्या हातातून काढून घेतली. "द्या काका," म्हणाली, "इस्त्री करून देते."

जूनमध्ये अजराचं नाव लागलं. सांताक्रूझला नकार गेला. त्या शनिवारी घरी मी हिलासुद्धा काही सांगितलं नव्हतं. ही म्हणाली, "एवढा अर्ज घेतलान त्यांनी, मग तुमचं तोंड असं का?" मी म्हटलं, ऊन लागलं. पण गुलाम रसूल काही माझ्यासारखे गप्प बसणारे नव्हते. त्यांनी धक्क्यावर सांगितलं, मशिदीबाहेर सांगितलं, बाजारात सांगितलं की आमच्या श्रीपतरावांनी तो शब्द न घालता अर्ज मंजूर करून आणला, त्यांच्यापुढं हेडक्लार्कचं काय चालत नाय.

त्यानंतरच्या सोमवारी मी कोर्टातून आलो तर ओटीवर अकरा माणसं बसलेली. खलाशी होते, दोन बागाईतदार होते, एक निवृत्त पोस्टमास्तर होते आणि गोदूबाईंचा जावई होता. सगळ्यांना अर्ज हवे होते, नव्या निघालेल्या जागांसाठी, त्याच कचेरीत द्यायचे, कुणाच्या मुलीचा, कुणाच्या सुनेचा, कुणाच्या बहिणीचा. आणि सगळ्यांची अट एकच. पोस्टमास्तर म्हणाले, "बेहेरे, जन्मभर लिहिली भीक. आता बिनभिकेचा द्या."

नाही कसं म्हणणार? बेहेऱ्यांचा अर्ज परत येत नाही. मी अकराही अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिले, आखूड, ताठ, एकातही तो शब्द नाही. मग पुढच्या शनिवारी मी अजरानं इस्त्री केलेली टोपी घातली आणि गठ्ठा घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढलो. नेवरेकरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं, तांबडी पेन्सिल खाली ठेवली, आणि हाताची घडी घालून ऐकायला नीट सरसावून बसले.